लस टोचताना काही चुकले तर?

महाराष्ट्रात सरकारी वेळापत्रकानुसार लसीकरण होणाऱ्या बाळाला जन्मानंतर लगेच, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुढे दीड वर्षाच्या सुमारास लसी दिल्या जातात. यांपैकी सहाव्या आठवड्याच्या एकाच भेटीत तोंडावाटे पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसची लस, डाव्या मांडीत पाच रोगांवरची ‘पेंटाव्हॅलंट’, उजव्या मांडीत न्यूमोकॉकल आणि उजव्या दंडावर पोलिओचे छोट्या मात्रेचे इंजेक्शन अशा पाच लसी बाळाला मिळतात. ज्या खोलीत हे घडते तेथे रांग असते, रडारड असते, आरोग्यसेविकेला टोचायचेही असते आणि कार्ड व नोंदवहीही भरायची असते. घरी आल्यानंतर आईवडिलांच्या मनात शंका उभी राहावी, यात त्यामुळे आश्चर्य काहीच नाही. सुई बाहेर काढताना लसीचा थेंब ओघळला होता, सिरिंजमध्ये बुडबुडा दिसला होता, उजव्याऐवजी डाव्या मांडीला टोचले, मागच्या डोसाला अजून महिना झाला नव्हता. अशा शंकांनी रात्र जाते आणि बाळाला ताप आला की शंकेची खात्री होते.

ही काळजी अनाठायी आहे असे म्हणून ती झटकून टाकणे सोपे आहे, पण योग्य नाही, कारण लसीकरणात चुका होतात आणि त्यांतील काही जीवघेण्या ठरल्या आहेत. अडचण वेगळीच आहे. पालकांना ज्या गोष्टींची भीती वाटते त्या बहुतेक निरुपद्रवी असतात, ज्या चुका खरोखर घातक असतात त्या सहसा सुई टोचण्यापूर्वी, लस ठेवताना किंवा तयार करताना होतात, आणि त्यामुळे काळजी जेव्हा सुरू होते तेव्हा ती उपयोगी पडण्याची मुख्य वेळ बहुधा निघून गेलेली असते.

लस दिल्यानंतर प्रकृतीत जो काही अनिष्ट बदल दिसतो त्याला सार्वजनिक आरोग्याच्या परिभाषेत ‘लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना’ म्हणतात आणि या संज्ञेत कारण गृहीत धरलेले नसते. घटना लसीनंतर घडली, एवढेच ती सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात अशा घटनांची पाच कारणे मानली जातात. लसीच्या अंगभूत गुणधर्मामुळे येणारी प्रतिक्रिया हे पहिले, उत्पादनातील दोष हे दुसरे आणि हाताळणीतील चूक हे तिसरे. चौथे कारण म्हणजे टोचण्याच्या भीतीतून आलेली भोवळ किंवा श्वासाचा वेग, जी दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचे इंजेक्शन घेणाऱ्या मुलामुलींमध्ये दिसते आणि शाळेत एकीला आली की दुसरीलाही येते. पाचवे कारण निव्वळ योगायोग. सहा ते चौदा आठवड्यांच्या वयात बाळांना लस दिली काय, न दिली काय, सर्दी, जुलाब आणि ताप होतच असतात, आणि त्यांतले काही आजार लसीच्या दिवसानंतर लगेच उगवणे अटळ असते. हाताळणीतील चूक हे या पाचांतले एकच कारण आहे, पण ते पूर्णपणे टाळण्याजोगे आहे, म्हणून त्याचे महत्त्व मोठे.

पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस येणारा ताप आणि मांडीवरची लाल, दुखरी सूज ही पहिल्या प्रकारातली, म्हणजे अपेक्षित प्रतिक्रिया होय. गोवर-रुबेलाच्या लसीत जिवंत पण दुर्बल केलेले विषाणू असल्याने तिचा ताप आणि अंगावरचे बारीक पुरळ आठवड्याभराने किंवा त्याहूनही उशिरा दिसते, आणि तोवर लस विसरली गेलेली असते. ओघळलेल्या थेंबासाठी मात्रा पुन्हा द्यावी लागत नाही. बारीक बुडबुडा स्नायूत गेल्याने काही बिघडत नाही. टोचल्या जागी रक्ताचा ठिपका दिसणे म्हणजे शीर फुटणे नव्हे. मांड्यांची अदलाबदल झाली तरी लसीचे काम होते. प्रत्येक लसीला ठरावीक जागा नेमून देण्याचा हेतू इतकाच की नंतर सूज आली तर ती कोणत्या लसीची हे सांगता यावे. जागेच्या बाबतीत खरा निषेध आहे तो नितंबाचा, कारण तेथे पायाकडे जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूला सुई लागण्याचा धोका असतो आणि चरबीच्या थरात लस नीट शोषली जात नाही. जुन्या पिढीला इंजेक्शन म्हटले की तीच जागा आठवते, म्हणून आजीला मांडीत टोचणे चुकीचे वाटते, आणि नेमके तेच बरोबर असते.

क्षयरोगावरील बीसीजीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ही लस डाव्या दंडावर त्वचेच्याच थरात, तिच्या खाली नव्हे, टोचायची असते, आणि एक महिन्याच्या आतील बाळाला तिची मात्रा अवघी ०.०५ मिलिलिटर, म्हणजे मोठ्या बाळाच्या निम्मी असते. टोचताना त्वचा संत्र्याच्या सालीसारखी फुगते आणि थोड्या वेळात बसते. मग काही आठवड्यांनी, जेव्हा सर्वांना वाटते की आता सारे झाले, तेव्हा तेथे पुळी येते, ती फुटते, थोडा पू येतो, आणि पुढे व्रण उरतो. हा सारा क्रम लस काम करीत असल्याचा आहे, पण घरोघरी तो ‘सुई पिकली’ या नावाने ओळखला जातो आणि त्यावर हळद, तेल किंवा शेक असे उपचार होतात, जे करू नयेत. चूक कशी दिसते तेही जाणून घ्यावे: लस त्वचेत न जाता खोल गेली किंवा मात्रा जास्त झाली, तर त्या जागी मोठे गळू होऊ शकते किंवा काखेतील गाठ ठळकपणे वाढते, आणि अशा वेळी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. व्रण उमटलाच नाही म्हणून लस वाया गेली असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते केवळ तेवढ्यासाठी बीसीजी पुन्हा देण्याची गरज नसते.

वेळापत्रकाच्या शंकांना थोडक्यात उत्तर देता येते. पेंटाव्हॅलंटसारख्या लसीच्या दोन डोसांत किमान चार आठवड्यांचे अंतर हवे. त्याहून बरेच आधी दिलेला डोस अपाय करीत नाही, पण तो हिशेबात धरता येत नाही आणि योग्य वेळी पुन्हा द्यावा लागू शकतो. उशीर झाला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेल्या डोसापासून पुढे जाता येते. ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो, कारण हंगामाचे महिने आणि बाळाच्या डोसांचे महिने एकमेकांत अडकतात, कार्ड गावी राहते आणि फडाजवळच्या गावातील आरोग्यसेविकेला आधीचे काहीच माहीत नसते. अशा वेळी एखादा डोस दोनदा गेला तरी सहसा टोचल्या जागी थोडी जास्त सूज येण्यापलीकडे काही होत नाही, मात्र डोस अजिबात न मिळणे हे निश्चित नुकसान असते.

घातक चुकांकडे वळले की पहिले नाव येते लस विरघळवण्याच्या कृतीचे. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसी कोरड्या भुकटीच्या स्वरूपात येतात आणि देण्यापूर्वी त्यांत ‘डायल्युएंट’ म्हणजे विरघळवण्यासाठीचा द्रव मिसळावा लागतो, तोही त्याच उत्पादकाने त्या लसीबरोबर दिलेला. या लसींत जिवंत जंतू असल्याने त्यांना मारून टाकणारे परिरक्षक द्रव्य त्यांत घालता येत नाही, आणि म्हणून एकदा विरघळवलेल्या बाटलीत बाहेरचा जीवाणू शिरला तर त्याला वाढायला मोकळे रान मिळते. उघडल्यानंतर चार तासांनी अशी बाटली उरलेल्या डोसांसह फेकून देण्याचा नियम त्यासाठी आहे, आणि ती केव्हा उघडली ते बाटलीवर लिहावे लागते ते त्यासाठीच. पेंटाव्हॅलंटसारख्या परिरक्षक असलेल्या द्रव लसींची उघडलेली बाटली, ती नीट थंड राहिली असेल आणि तिच्यावर उघडल्याची तारीख असेल, तर २८ दिवसांपर्यंत वापरता येते. उघडलेली बाटली पाहून घाबरणाऱ्या पालकाला हा फरक ठाऊक असेल, तर त्याची भीती अचूक प्रश्न बनते: ही कोणती लस, आणि ही केव्हा उघडली?

डायल्युएंटच्या जागी दुसरेच औषध गेले तर काय होते, हे दोन ठिकाणी दिसले आहे. सीरियाच्या इदलिब प्रांतात सप्टेंबर २०१४ मध्ये गोवराच्या लसीत डायल्युएंटऐवजी शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करण्यासाठी वापरले जाणारे अॅट्राक्युरियम मिसळले गेले आणि पंधरा बालके दगावली. औषधाच्या त्या कुप्या लसींच्याच शीतकपाटात ठेवल्या गेल्या होत्या. चार वर्षांनी, जुलै २०१८ मध्ये, प्रशांत महासागरातील सामोआ या लहानशा देशात जवळपास तीच चूक झाली आणि गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्रित लस दिलेली दोन बाळे काही मिनिटांत गेली. लस निर्दोष होती. पण हे सिद्ध होईपर्यंत सरकारने ती लस काही महिने थांबवली, आधीच घसरत असलेले लसीकरण आणखी कोसळले, आणि २०१९ च्या अखेरीस गोवराची साथ आली तेव्हा सुमारे दोन लाख लोकवस्तीच्या त्या देशात ८३ जण मृत्युमुखी पडले, त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती. डिसेंबरात दोन दिवस सरकारी कामकाज बंद ठेवून पथके घरोघर फिरली आणि लस न घेतलेल्या कुटुंबांनी दारासमोर तांबडे फडके लावावे, असा आदेश निघाला. दोन परिचारिकांना पाच वर्षांची कैद झाली. चुकीने दोन जीव घेतले आणि चुकीच्या भीतीने त्याच्या चाळीसपटीहून अधिक घेतले, असा हा हिशेब आहे, जरी साथीचे सारे खापर त्या एका घटनेवर फोडणे न्याय्य होणार नाही.

महाराष्ट्रातही सारख्या दिसणाऱ्या बाटलीने घात केला आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी, पल्स पोलिओच्या दिवशी, यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील एका गावात पाच वर्षांखालील बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हातांना लावायचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना रुग्णालयात हलवावे लागले आणि ती बरी झाली. करोनाच्या काळात पोलिओच्या बूथवर सॅनिटायझर ही नवी वस्तू आली होती आणि वर्षानुवर्षांच्या सवयीच्या कामात एखादी नवी बाटली शिरली की हात सवयीनेच चालतो, हे येथे विसरून चालत नाही. कर्मचारी निष्काळजी होते म्हटले की चौकशी संपते, पण टेबलावर दोन्ही बाटल्या शेजारी का होत्या, हा प्रश्न तसाच राहतो.

याउलट एक चूक अशी आहे की तिची काळजी जवळजवळ कोणीच करीत नाही, कारण तिच्याने बाळ रडत नाही, ताप येत नाही, मांडी सुजत नाही. ती म्हणजे गोठलेली लस. लसी दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात साहजिकच सर्वांचे लक्ष उष्णतेकडे असते. पोलिओचे थेंब आणि गोवर-रुबेला उष्णतेने खरोखरच बिघडतात. पेंटाव्हॅलंट, न्यूमोकॉकल, पोलिओचे इंजेक्शन आणि धनुर्वाताच्या लसी मात्र गोठल्याने निकामी होतात, आणि त्या गोठतात त्या बहुधा काळजी घेण्याच्या भरात, म्हणजे फ्रीझरमधून काढलेले कडक बर्फाचे पॅक थेट लसवाहक डब्यात ठेवल्याने. पॅक थोडा वेळ बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येऊ लागला की मगच तो वापरायचा, ही ‘कंडिशनिंग’ची साधी रीत आहे. बाटलीवरील लसकुपी निदर्शक, म्हणजे वर्तुळातला तो छोटा चौकोन, उष्णतेचा हिशेब ठेवतो; चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस चालते, दोन्हींचा रंग सारखा झाला की टाकून द्यावी लागते. पण हा निदर्शक गोठण्याबद्दल काहीही सांगत नाही. गोठून वितळलेली पेंटाव्हॅलंट दिलेल्या बाळाच्या घरी त्या रात्री सर्वजण शांत झोपतात, आणि बाळ मात्र घटसर्पापुढे उघडे राहते. ‘बाळाला काहीच त्रास झाला नाही’ यावरून सारे सुरळीत झाले असे ठरवता येत नाही, ही गोष्ट पालकांच्या नेहमीच्या तर्काला छेद देणारी आहे.

लसीतील चूक कोणाची, या प्रश्नाचा भारतातला सर्वांत गाजलेला वाद मुंबईशी जोडलेला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधील प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना ती टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून, तिचा क्रमांक ५३-एन, लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. बाकीच्या बाटल्यांमधून लस घेतलेल्यांना काही झाले नाही. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिन यांनी निर्जंतुकीकरणाच्या पद्धतीत केलेल्या बदलाकडे बोट दाखवले गेले, आणि त्यांना पद सोडावे लागले. साक्षीपुराव्यात मात्र एक बारीक गोष्ट होती: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुराव्याची फेरतपासणी केली, रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि अखेर ते दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. या प्रकरणात शास्त्रज्ञावर झालेला अन्याय नेहमी सांगितला जातो. त्याहून बोधप्रद आहे ती बाटली. कोणाला कोणत्या क्रमांकाच्या बाटलीतून लस मिळाली याची नोंद होती, म्हणूनच १९ मृत्यूंचा माग एका बाटलीपर्यंत आणि पुढे एका चिमट्यापर्यंत काढता आला.

चुका कमी करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग माणसाला सावध राहायला सांगणे हा नसून चूक करणेच अवघड करून ठेवणे हा आहे. आज सरकारी लसीकरणात वापरली जाणारी ‘ऑटो-डिसेबल’ सिरिंज तशी आहे: ती ठरलेल्या मात्रेपलीकडे भरत नाही आणि दट्ट्या एकदा पूर्ण दाबला की पुन्हा मागे ओढता येत नाही, त्यामुळे तीच सुई दुसऱ्या बाळाला वापरली गेली असेल का, ही पालकांची जुनी भीती बव्हंशी यंत्रानेच सोडवली आहे. डायल्युएंट आणि इतर औषधे एका शीतकपाटात न ठेवण्याचा नियमही त्याच जातीचा. जेथे चूक कबूल करणाऱ्याला लगेच निलंबनाची भीती असते तेथे किरकोळ चुका दडपल्या जातात आणि मोठ्या चुकीआधी मिळणारी सूचना हातची जाते. आरोग्यसेविका सहसा आपल्याच तालुक्यातली, पुन्हा पुन्हा भेटणारी बाई असते. तिच्याशी पालकांचे नाते जाब विचारण्याचे झाले तर तीही गप्प होते, आणि ‘ताई, ही कोणती लस आहे, कार्डावर बघून सांगता का?’ असे विचारता आले तर दोघांचेही काम सोपे होते. खरे तर लसीचे नाव, संभाव्य त्रास, पुढची तारीख आणि कार्ड जपून ठेवण्याची सूचना या चार गोष्टी प्रत्येक पालकाला सांगणे तिच्या कामाचाच भाग आहे. गर्दीत ते राहून जाते.

लस दिल्यानंतर अर्धा तास केंद्रावर थांबायला सांगितले जाते ते ‘अॅनाफायलॅक्सिस’साठी. ही अतितीव्र अॅलर्जी, ज्यात श्वास अडतो, अंगावर गांध्या उठतात आणि रक्तदाब कोसळतो. ती दहा लाख डोसांमागे एखाद-दुसऱ्यालाच होते, बहुधा काही मिनिटांतच दिसते, आणि अॅड्रेनालिनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर आटोक्यात येते. ती कोणाची चूक नसते. पण सेविकेजवळ अॅड्रेनालिनचे किट नसणे किंवा पालकांनी घाईने निघून जाणे, या चुका ठरतात.

घरी गेल्यावर बाळ तीन तासांहून अधिक वेळ सतत किंचाळत राहिले, झटके आले, ते मलूल होऊन दूध ओढेनासे झाले, किंवा त्याच सत्रातील दुसरेही बाळ आजारी असल्याचे कळले, तर शेजारपाजारी चर्चा करण्यापेक्षा आशा कार्यकर्तीला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. मृत्यू, रुग्णालयात दाखल होणे किंवा एकाच ठिकाणी अनेकांना त्रास होणे अशी गंभीर घटना २४ तासांच्या आत वर कळवणे बंधनकारक आहे, आणि तिच्या कारणाचा निर्णय तज्ज्ञांच्या समित्या करतात. सत्र संपल्यावर बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या उघडलेल्या बाटल्या तेव्हाच नष्ट केल्या जात नाहीत. तपासणीची गरज पडली तर हाताशी असाव्यात म्हणून त्या ४८ तासांपर्यंत किंवा पुढच्या सत्रापर्यंत, जे आधी येईल तोवर, ठेवल्या जातात. शंका त्या मुदतीत कळवली तर बाटली, तिचा क्रमांक आणि उघडल्याची वेळ प्रत्यक्ष पाहून उत्तर देता येते. त्यानंतर उत्तर द्यायला उरतात त्या केवळ नोंदवहीतील ओळी.